वरच्या वर्गांत लैंगिक संसर्गाच्या रोगांची ओळख : काही पाठ व काही सूचना

मूल अक्षरे जोडून वाचू लागले म्हणजे ते केवळ पाठ्यपुस्तकच वाचते असे नव्हे. दुकानांच्या पाट्या, एस.टी.वरील गावांची नावे, भिंतींवरील जाहिराती, जे दिसेल ते वाचण्याची त्याला हौस असते. आगगाडीच्या मार्गालगतच्या भिंतींवर व बाजाराच्या गावांतील कुंपणांवर एक शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला त्याला वारंवार दिसतो. तो शब्द म्हणजे ‘गुप्तरोग’. त्याखाली वैद्य म्हणविणाऱ्या कोणाचे तरी नाव असते आणि हमखास गुण येण्याचे वचन असते. मूल शाळेत येऊन विचारते, “गुरुजी, गुप्तरोग म्हणजे काय?” आपण म्हणतो, “पुढचे वाच.” अशा रीतीने त्या विषयाचे अध्यापन आपण त्या भिंतीकडे सोपवितो.

सहावी, सातवी व आठवी हे वर्ग ज्या शाळांतून आहेत, तेथील शिक्षकबंधुभगिनींनी या विषयाचा विचार करावा व तो वर्गात कसा मांडावा हे ठरवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की, या पाठांचे मुख्य उद्दिष्ट रोगांची नावे पाठ करविणे हे नव्हे. उद्या आपल्या शरीरास काही झाले, तर न लाजता व वेळ न दवडता ते कोणास तरी सांगता यावे, एवढे बळ मुलास देणे हे खरे उद्दिष्ट होय.

हा विषय आपला का?

“हे शहरांचे रोग, आपल्या खेड्यांत त्यांचे काय?” असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याकडे पाहावे. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची वैद्यकीय तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार आढळला आणि त्यांतील निम्मे विकार संसर्गाचे होते. त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, पूर्वी कधी तरी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. हे सर्व संसर्ग लैंगिक संबंधांतूनच आले होते असे नाही. अस्वच्छता, असुरक्षित बाळंतपण अशी इतर कारणेही असतात. परंतु कारण कोणतेही असो, दुखणे अंगावर काढण्याची रीत एकच होती. कमरेचे दुखणे, ओटीपोटातील कळ, अंगावरून पांढरे जाणे, हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानून पिढ्यान्‌पिढ्या त्या गप्प राहिल्या.

गडचिरोलीचे ते धानाचे व जंगलाचे खेडे आणि देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील आपले खेडे यांत फारसा भेद नाही. त्या स्त्रियाही कधी काळी दहाबारा वर्षांच्या मुली होत्या. त्यांच्यातील ज्या शाळेत गेल्या, त्यांना तेथे पाढे मिळाले, कविता मिळाल्या. पण “हे दुखणे सांगावयाचे असते” एवढे एक वाक्य कोणी दिले नाही. आज आपल्यासमोर बसलेल्या मुलींना ते मिळते की नाही, हे आपल्या हाती आहे.

मुलांचीही गोष्ट वेगळी नाही. धान निघाल्यावर जिल्ह्यातील अनेक तरुण कामासाठी परगावी जातात. प्रस्तुत लेखकानेही पूर्वी एकदा हा भाग आला असता “घरी वाचून या” असे म्हणून पाने उलटली होती. त्याच वर्गातील एक विद्यार्थी काही वर्षांनी भेटावयास आला. बाहेरगावी मजुरीस असताना त्यास रोग जडला होता व भिंतीवरील पत्ता वाचून त्याने हंगामाची बहुतेक कमाई एका भोंदूस दिली होती. शेवटी सरकारी रुग्णालयात त्यास मोफत उपचार मिळाला व तो बरा झाला. त्याने दोष कोणास दिला नाही. “असे औषध दवाखान्यात मिळते हे ठाऊक नव्हते,” एवढेच तो म्हणाला. हे त्यास ठाऊक असावयास हवे होते आणि ते सांगण्याचे स्थान त्याचा वर्ग हेच होते.

महाराष्ट्रातील अनुभव

हा विषय महाराष्ट्रास नवा नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले व या कार्यापायी त्यांना १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, या विषयावरही त्यांनी लेखन केले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. दंड झाला, तरी कर्व्यांनी लिहिणे थांबविले नाही. त्यांची सर्व मते मान्य करावीत असे नाही. परंतु शरीराच्या रोगाविषयी शास्त्रीय भाषेत बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा धडा त्यांनी स्वतः किंमत मोजून महाराष्ट्रास दिला.

पुढे २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या शालेय कार्यक्रमास विधिमंडळात विरोध झाला व महाराष्ट्रात तो स्थगित करण्यात आला. शेजारच्या मध्यप्रदेशातही तसेच घडले. त्या वेळचा आक्षेप मुख्यतः चित्रे व भाषा यांविषयी होता. आक्षेप घेणारे सारे पालक मूर्ख होते असे समजणे योग्य नव्हे; आपल्या मुलांस कोण, काय व कोणत्या शब्दांत सांगणार, ही त्यांची काळजी रास्त आहे. तीवर उपाय मौन हा नसून, आधी पालकांस विश्वासात घेणे हा आहे.

काळ त्यानंतर पुढे गेला आहे. राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या २०१८ च्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात लैंगिक आरोग्याचा विचार असून सिफिलीस व गोनोरिया या रोगांची लक्षणेही दिली आहेत. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून मुलांशी अशा विषयांवर बोलावे, अशी योजना आहे. तथापि दहावीपर्यंत सर्वच मुले पोहोचतात असे नाही. जे मूल आठवीनंतर शेतावर किंवा कामावर जाते, त्याच्यापुरती आपलीच शाळा शेवटची होय.

“सांगितल्याने मुले बिघडतील” ही भीतीही पुराव्यावर टिकत नाही. युनेस्कोने निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, असेच त्या आढाव्यात दिसून आले.

शिक्षकांस स्वतःस काय माहीत असावे?

हे रोग मुख्यतः लैंगिक संबंधांतून एका व्यक्तीकडून दुसरीकडे जातात. त्यांची कारणे तीन प्रकारची आहेत. उपदंश अथवा सिफिलीस, ज्यास आपल्याकडे ‘गरमी’ म्हणतात. गोनोरिया, ज्यास ‘परमा’ म्हणतात. आणि क्लॅमिडिया, हे जिवाणूंमुळे होतात. एच.आय.व्ही., हिपॅटायटीस-बी, नागीण जातीचा जननेंद्रियांचा हर्पीस व एच.पी.व्ही. हे विषाणूंचे संसर्ग होत. ट्रायकोमोनास हा सूक्ष्म परजीवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे गरमी, परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांचेच २०२० मध्ये जगभर ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. इतक्या लोकांचा रोग हा कोणा एका जातीचा, वस्तीचा वा देशाचा असू शकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, यांतील पुष्कळ संसर्गांत लक्षणे दिसतच नाहीत, किंवा दिसून नाहीशी होतात. गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही व काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग्यास वाटते, गेला. वस्तुतः रोग शरीरात राहतो आणि पुढे हृदय, मेंदू, डोळे यांस पीडा देऊ शकतो. गर्भवतीस असल्यास गर्भाच्या जिवावर बेततो. “जखम भरली म्हणजे रोग गेला असे नव्हे”, हे वाक्य मुलांकडून पक्के करून घ्यावे. भोंदूचा सारा धंदा या आपोआप भरणाऱ्या जखमेवरच चालतो.

दुसरी गोष्ट आशेची आहे. गरमी पेनिसिलिनने बरी होते. परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास यांवरही औषधे आहेत. मात्र औषध पूर्ण घ्यावयास हवे व जोडीदारानेही उपचार घ्यावयास हवेत. अन्यथा रोग पुन्हा परत येतो. एच.आय.व्ही. समूळ जात नाही, परंतु नित्य गोळ्या घेणारा मनुष्य दीर्घकाळ धडधाकट जगतो. औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाही. गर्भवतीची तपासणी व उपचार वेळेवर झाल्यास बाळासही बहुधा वाचविता येते. हिपॅटायटीस-बीची लस बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विरुद्धही लस असून ती ९ ते १४ वर्षांच्या वयात मुलींना द्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची अशी लस २०२३ मध्ये बाजारात आली.

पूर्वतयारी

प्रथम शाळा व्यवस्थापन समितीची व पालकांची सभा घ्यावी. मातांस वेगळे बोलावणे अधिक सोयीचे होईल. पाठांत काय सांगणार ते त्यांना आधी वाचून दाखवावे. आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका सभेस असल्यास उत्तम. सभेत बोलताना शेतीचा दृष्टांत उपयोगी पडतो. बांधीत धानावर तुडतुडे दिसले तर कोणी शेतकरी लाजेने धान झाकून ठेवीत नाही. शेजाऱ्यास सांगतो, कृषी सहायकास विचारतो, वेळेवर फवारणी करतो. आपले मूल धानाहून मोलाचे आहे, एवढे म्हटले की पालकांस मुद्दा कळतो. चट्ट्याच्या भीतीने कुष्ठरोग लपविण्याचे आणि लग्न मोडेल म्हणून सिकलसेल लपविण्याचे दुष्परिणाम विदर्भाने पाहिले आहेत. उघडपणे तपासणी होऊ लागल्यावरच त्यांवर इलाज करणे शक्य झाले.

दुसरी तयारी शब्दांची. आपल्या जिल्ह्यातील मुले घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली, हिंदी वा छत्तीसगढी बोलतात. शरीराच्या या भागांस त्यांच्याजवळ बहुधा शिवीतील शब्द असतो, किंवा शब्दच नसतो. ज्या अवयवास शिवीखेरीज नाव नाही, त्याचे दुखणे मूल कोणाजवळ कसे सांगेल? म्हणून शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय, अंडाशय हे शब्द यकृत, फुप्फुस यांच्याप्रमाणेच सहज उच्चारावेत व फळ्यावर लिहावेत. पहिल्या दिवशी मुले हसतील. हसू द्यावीत, रागावू नये. शिक्षकाचा स्वर स्थिर राहिला तर दुसऱ्या दिवशी हसू ओसरते.

पाठांची योजना

पुढील चार पाठ एका आठवड्यात घेता येतील. माहिती मुलामुलींस एकत्र द्यावी, म्हणजे ती परस्परांविषयीही आदराने शिकतात. शंकासमाधान मात्र हवे तर वेगळे ठेवावे. शाळेत शिक्षिका नसल्यास केंद्रातील अन्य शाळेच्या शिक्षिकेची किंवा आरोग्य सेविकेची मदत घ्यावी.

पाठ पहिला : वाढते शरीर. वयात येताना होणारे बदल, अवयवांची नावे, मासिक पाळी, मुलांस झोपेत होणारा वीर्यपात. हे सर्व आरोग्याचे लक्षण आहे, रोग नव्हे, हे ठसवावे.

पाठ दुसरा : रोग कोणत्या वाटेने येतो? येथे ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. हगवण पाण्यातून येते, क्षय हवेतून, हिवताप डासामार्फत, खरूज स्पर्शाने. ही उदाहरणे मुलांनीच सांगावीत व फळ्यावर वाट आणि अडथळा असे दोन रकाने करावेत. पाणी उकळणे, तोंडावर रुमाल, मच्छरदाणी असे अडथळे मुले सांगतील. मग म्हणावे, “काही रोगांची वाट लैंगिक संबंध ही आहे.” या क्रमाने आल्यास हा रोग इतर रोगांच्या रांगेत बसतो, पापाच्या रांगेत बसत नाही. एच.आय.व्ही.च्या इतर वाटाही येथेच सांगाव्यात : बाधित रक्त, दूषित सुई, आणि मातेकडून बाळास. एकत्र जेवणे, हातपंपाचे पाणी, डास, खेळ, मिठी यांनी तो पसरत नाही, हे स्पष्ट सांगावे.

पाठ तिसरा : लक्षणे व उपचार. जननेंद्रियावर व्रण, फोड वा गाठ, लघवी करताना आग, पू, दुर्गंधीयुक्त किंवा खाज सुटणारा स्राव, ओटीपोटात दुखणे. यांपैकी काहीही झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. एच.आय.व्ही.ची तपासणी शासकीय केंद्रांत मोफत होते व निकाल गुप्त राखला जातो. १०९७ या क्रमांकावर विनामूल्य माहितीही मिळते. मुलांनी आपल्या गावापासून जवळच्या आरोग्य केंद्राचा नकाशा काढावा. हा या पाठाचा स्वाध्याय होय.

पाठ चौथा : स्वतःचे रक्षण. नको असलेल्या स्पर्शास “नाही” म्हणण्याचा हक्क, लहान वयातील संबंधांपासून दूर राहणे, मुलीचे १८ व मुलाचे २१ वर्षांआधी लग्न न करणे, मोठेपणी परस्परनिष्ठा, आणि निरोध, म्हणजे कंडोम, योग्य रीतीने वापरल्यास यांतील बहुतेक रोगांचा धोका पुष्कळ कमी होतो हे ज्ञान. शेवटची गोष्ट आठवीच्या वर्गात एक शास्त्रीय माहिती म्हणून साध्या शब्दांत सांगावी.

प्रश्नपेटी

वर्गात आठवडाभर झाकणास फट पाडलेला एक डबा ठेवावा. प्रत्येक मुलाने रोज एक चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. प्रश्न नसेल त्याने कोरी चिठ्ठी टाकावी, म्हणजे प्रश्न कोणाचा हे कळत नाही. पुढील तऱ्हेचे प्रश्न येतील. त्यांची उत्तरे तयार ठेवावीत.

“दुसऱ्याने वापरलेल्या शौचकुपात गेल्याने गरमी होते का?” नाही. या रोगाचे जंतू तेथे तग धरीत नाहीत.

“धातू गेल्याने अशक्तपणा येतो का? हस्तमैथुनाने रोग होतो का?” नाही. ही भीती भिंतीवरील जाहिरातींनी पोसलेली आहे.

“अंगावरून पांढरे जाणे हा रोग आहे का?” थोडा, स्वच्छ, वास नसलेला स्राव स्वाभाविक आहे. खाज, दुर्गंधी, रंगबदल वा वेदना असल्यास तपासणी करून घ्यावी.

“चांगल्या माणसास हा रोग होतो का?” होतो. नवजात बाळासही होऊ शकतो. रोगास माणसाचे गुण वाचता येत नाहीत.

ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तेथे “आरोग्य केंद्रात विचारून उद्या सांगतो” असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे. अशा उत्तराने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही, विश्वास वाढतो.

काही दक्षता

पाठ चालू असता कोणत्याही मुलाकडे, कुटुंबाकडे वा वस्तीकडे बोट दाखवू नये. एच.आय.व्ही. असलेले मूल आपल्याही वर्गात असू शकते. २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, अशा मुलास प्रवेश नाकारणे वा वेगळे बसविणे यांस मनाई आहे, आणि त्याची स्थिती संमतीवाचून उघड करता येत नाही. आहाराच्या पंगतीत ते मूल इतरांच्या शेजारीच बसेल हे शिक्षकाने पाहावे.

या पाठांनंतर एखादे मूल जवळ येऊन असे काही सांगेल की ते ऐकणे जड जाईल. अजाण मुलास असा रोग आढळणे हे अत्याचाराचे चिन्ह असू शकते. अशा वेळी गावात मिटविण्याचा प्रयत्न करू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वये अशी माहिती पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे व न कळविणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गात लावून ठेवावा. मुलास मात्र प्रथम एवढेच म्हणावे : “तू सांगितलेस हे फार बरे केलेस. यात तुझा काही दोष नाही.”

शिक्षकबंधुभगिनींनो, या पाठांची परीक्षा नाही व त्यांस गुणही नाहीत. फळ कदाचित दहा वर्षांनी दिसेल, आणि तेही आपणांस न कळता : एखादी सून पहिल्याच महिन्यात आरोग्य सेविकेस आपले दुखणे सांगेल, एखादा मजूर भिंतीवरील पत्त्याऐवजी दवाखान्याचा रस्ता विचारील. तेव्हा येत्या सत्रात कोणी मुलाने “गुप्तरोग म्हणजे काय?” असे विचारल्यास, पुस्तक बाजूस ठेवावे आणि त्यास उत्तर द्यावे.